आभारांत टाकलेलं नाव

प्रमिला,

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रं जशी शिस्तीत मध्यावर येऊन रांगेत उभी राहतात, तसं प्रमिलामॅडमनी डहाणूच्या विद्यार्थ्यांना शिस्तीत उभं केलं. लोकांनी माना डोलावल्या. मी पुढे तुझ्या आईशेजारी बसले होते आणि मला तुझं तोंड दिसत होतं. असलं काही ऐकलं की तू डोळे बारीक करून गप्प बसायचीस आणि बाहेर आल्यावर सगळा राग माझ्यापाशी काढायचीस. गुणसूत्रं शिस्तीत येतात असं यांना कुणी सांगितलं? ती धडपडत येतात, ढकलाढकली करतात, मध्यावर पोचून परत मागे जातात, झुलत राहतात. आणि माणसांना शिकवायचे धडे पेशीच्या गळ्यात कशाला बांधता, असं तू दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचीस. तुझ्या फोटोला हार घातलेला, आणि फोटोखाली नेमका तोच धडा चाललेला.

त्या सभेत मी उठले आणि शोकसभेत जे बोलत नाहीत ते बोलले. ते सांगतेच. पण आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते तसंच टाकून निघून जायची परवानगी तुला मी दिली नव्हती.

बी.एस्सी.ला आपण एका टेबलावर होतो. मी डहाणू गावातली, तू रानशेतहून पहिल्या एसटीने येणारी. कांद्याच्या मुळाचं टोक कापायचं, लाल रंगात बुडवायचं, काचेवर ठेवून अंगठ्याने दाबायचं, आणि त्या चेंदामेंद्यात एखादी विभागणारी पेशी शोधायची. मला कधी सापडली नाही. मी वहीत पुस्तकातली आकृती काढून मोकळी व्हायचे. तू मात्र मान मोडेस्तोवर बसायचीस, आणि सापडली की मला हाक मारायची नाहीस, माझा दंड धरून ओढायचीस. एकदा तर दुसऱ्या बॅचची मुलं दारात येऊन उभी राहिली तरी तू उठेनास. लॅब असिस्टंटने दिवे बंद केले तेव्हा सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवून बघत बसलीस.

मुंबईला संशोधनाला गेलीस तेव्हा पहिल्या महिन्यात तुझा फोन आला. तू इतकी हसत होतीस की मला काही कळेना. तुझ्या सरांनी तुला एका हरणाच्या पेशी दिल्या होत्या. कुठल्यातरी प्राण्याच्या कातडीतून कधीकाळी काढलेल्या, तेव्हापासून प्रयोगशाळेच्या बाटल्यांत वाढत असलेल्या. इंग्रजी नावावरून तुला पत्ता लागला नाही. मग कुणीतरी त्या हरणाचं चित्र दाखवलं.

"मीनल, हे भेकर आहे," तू म्हणालीस. "आमच्या डोंगरात भुंकतं ते. इथं बाटलीत वाढतंय."

मग तू मला सांगत सुटलीस. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं, भाताच्या चोवीस, कांद्याच्या सोळा. भेकराच्या मादीत फक्त सहा, नरात सात. इतकी थोडी आणि इतकी मोठी, की एकेक ओळखता येतं. माणसाच्या पेशीत गर्दीतला माणूस शोधावा तसं होतं, इथं घरातली माणसं मोजावीत तसं. आणि चीनमधलं दुसरं एक भेकर, अगदी जवळच्या नात्यातलं, त्याची मात्र माणसाएवढीच शेहेचाळीस, बारीकबारीक. एवढ्या सख्ख्या प्राण्यांत एवढा फरक का, आणि तरी दोन्हीकडे सगळी गुणसूत्रं मध्यावर बिनचूक कशी येतात, हे तुला बघायचं होतं. त्याआधी मी तुला इतक्या आनंदात कधी बघितलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

पुढच्या सुटीत आपण पारनाक्याला समुद्रावर बसलो होतो आणि तू वाळूत बोटाने पेशी काढलीस. दोन टोकं, टोकांतून निघणारे तंतू, मध्ये गुणसूत्रं. तुझ्या सरांचं म्हणणं होतं की मोठं गुणसूत्र उशिरा येतं, कारण ते मोठं आहे, ओढायला जड आहे. तुला ते पटत नव्हतं. तू तेच ते मोठं गुणसूत्र पेशीमागून पेशी बघत बसली होतीस. कधी ते सगळ्यांच्या आधी यायचं, कधी सगळ्यांच्या शेवटी. मग आकाराचा प्रश्न कुठे राहिला? तू म्हणालीस, प्रश्न ते निघतं कुठून याचा आहे. केंद्रकाचं आवरण विरघळतं त्या क्षणी जे टोकाच्या पाठीमागे अडकलेलं असतं, त्याला आधी टोकापर्यंत जावं लागतं आणि मग उलट फिरून मध्यावर. त्याची वाट लांब, म्हणून त्याला उशीर. चिनी भेकराच्या बारक्या गुणसूत्रांतही तू तेच बघितलंस. जाती दोन, आकार वेगळे, संख्या वेगळी, नियम तोच.

मी हे तेव्हाच ऐकलं होतं, प्रमिला. पारनाक्याला, तुझ्या तोंडून. हे लक्षात ठेव, कारण पुढचा सगळा राग इथून सुरू होतो.

काही वर्षांनी तू परत आलीस. कराराची मुदत संपली म्हणालीस. आई एकटी पडते म्हणालीस, भाऊ सुदाम शेतात आणि वहिनी पोरांत. आपल्या कॉलेजात लागलीस. मी तोवर तलासरीला ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. मला वाटलं, बरं झालं, आली. एकदाही विचारलं नाही की जिचा जीव त्या पेशींत अडकला होता, ती तिथून इतक्या सहज उठून आली कशी. तू इतकं साधं कारण दिलंस की विचारायला जागाच ठेवली नाहीस. त्या कलेत तू पटाईत होतीस.

आणि तू इथं काय केलंस ते मला माहीत आहे. तलासरीच्या माझ्या मुलांना तू गाडीत सूक्ष्मदर्शक घालून येऊन दाखवायचीस. चिकूच्या कोवळ्या कळ्या, नाचणीच्या मुळ्या, नाकतोडा, भिंतीवरचा ढेकूण. ढेकणासारख्या किड्यांच्या गुणसूत्राला धरायची एकच जागा नसते, तंतू त्याला सगळ्या लांबीभर धरतात, हे तू सांगितलंस तेव्हा माझी मुलं खिदळली आणि मग बघायला पुढे सरसावली. वनस्पतीच्या पेशीत टोकाला तंतू बांधायची खुंटी नसते, तरी तंतू आपापले ताणले जातात. बेडकाच्या अगदी कोवळ्या गर्भात पेशी थांबतसुद्धा नाही, कुणी मागे राहिलं तरी विभागून मोकळी होते. बाकी बहुतेक पेशी शेवटचं गुणसूत्र धरलं जाईपर्यंत थांबतात. एका मुलीने तुला विचारलं, मॅडम, यातलं बरोबर कोणतं? तू म्हणालीस, ज्याचं त्याचं.

माझंही तुझ्याकडे एक देणं आहे. रागाच्या भरात ते सुटू नये. माझं दुसरं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा सासूबाईंनी कारण शोधून ठेवलं होतं. मी चारोटीपर्यंत जीपने हेलपाटे घालते, वर पपई खाल्ली. मी स्वतःही तेच घोकत पडले होते. तू आलीस, माझ्या उशाशी बसली नाहीस, थेट स्वयंपाकघरात सासूबाईंच्या समोर पाट ओढून बसलीस. त्यांना सांगितलंस की बाईच्या बीजात ही गुणसूत्रं मध्यावर यायला तासन्‌तास लागतात, तंतू डळमळतात, वय वाढतं तसं अधिक डळमळतात, आणि एखादं चुकीच्या बाजूला गेलं की ते बाळ मुळात उभंच राहत नाही. हे सगळं त्या पपईच्या आधी झालेलं असतं. सासूबाईंना किती कळलं कुणास ठाऊक. पण त्यानंतर त्यांनी पपईचं नाव काढलं नाही. त्या दुपारी मला झोप लागली. त्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे, आणि म्हणूनच पुढचं मला सहन होत नाही.

कारण रंजना.

रंजना माझी विद्यार्थिनी, तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची. तुझी ढेकणाची स्लाइड बघून तिने ठरवलं की हेच करायचं. शिकली, परीक्षा दिल्या, आणि तिला जागा मिळाली ती नेमकी तुझ्याच सरांकडे. मी आनंदाने तुला फोन केला. तू म्हणालीस, विचार करून जायला सांग. मला वाटलं, मुंबईत राहायचा खर्च, घरची माणसं, त्याबद्दल बोलतेयस. मीच तिला धीर देऊन पाठवलं.

ती परत आली. किड्यांच्या गुणसूत्रांवर तिने जे शोधलं ते सरांच्या नावाने बाहेर पडलं. तिने विचारायची हिंमत केली तर तिला सांगण्यात आलं की तिच्यात संशोधनाची कुवत नाही, आणि तिची मुदत वाढली नाही. आता ती अच्छाडला ट्रकच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका ऑफिसात बसते. नाक्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर संगणकात भरते.

हे मला कळलं त्या दिवशी मी तुला चारोटीला बोलावून घेतलं. हायवेच्या कडेच्या त्या हॉटेलात, जिथे आपण नेहमी बसायचो. मी तावातावाने सांगत होते आणि तू कपातल्या चहाकडे बघत होतीस. माझं सांगून झालं.

"माझंही तसंच केलं होतं त्यांनी," तू म्हणालीस.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग तू सांगितलंस. मोठं गुणसूत्र उशिरा का येतं, याचं तुझं उत्तर सरांनी बैठकीत सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलं होतं. तू लॅब सोडलीस आणि त्यानंतर तेच उत्तर, त्याच भेकराच्या पेशी, तेच चिनी भेकर, त्यांच्या नावाने छापून आलं. शेवटी आभार मानलेल्यांच्या ओळीत तुझं नाव होतं. पेशी वाढवून दिल्याबद्दल.

तू हे इतक्या शांतपणे सांगितलंस की मला तुझा कप फेकावासा वाटला. इतकी वर्षं. माझ्यापासूनही लपवलंस. मी विचारलं, भांडली का नाहीस. तू म्हणालीस, मला पेशी बघायच्या होत्या, भांडत बसले असते तर आयुष्यात तेवढंच उरलं असतं. आणि मग ते वाक्य, जे मला अजून डसतं: "नाव कुणाचंही लागू दे, गुणसूत्रं यायची तशीच येतात."

"गुणसूत्रांना नाव लागत नाही," मी म्हटलं. "रंजनाला लागतं."

 मी खूप बोलले. शेजारच्या टेबलावरचे ड्रायव्हर वळून बघायला लागले. मी म्हटलं, तुझा मोठेपणा तुझ्यापुरता ठेवायचा होतास, त्याची किंमत त्या पोरीने का मोजायची? विचार करून जायला सांग, म्हणे. काय विचार करणार होती ती, तिला काय माहीत होतं? एक वाक्य, प्रमिला. त्या माणसाकडे जाऊ नको, एवढं एक वाक्य. तू म्हणालीस, "मला वाटलं, माझ्यापुरतंच होतं ते." मी उठून निघाले. पैसे तू दिलेस की मी, तेही आठवत नाही. त्यानंतर आपण बोललो नाही.

मला त्या अबोल्याचा पश्चात्ताप होत नाही. लोकांना तसं ऐकायचं असतं, की आता वाटतं, तेव्हा फोन करायला हवा होता. मला वाटत नाही. मी रागावले होते आणि रागावायलाच हवं होतं. तू जिवंत असतीस तर अजूनही रागावलेली असते, आणि एके दिवशी तू गाडीत सूक्ष्मदर्शक घालून तलासरीला येऊन उभी राहिली असतीस, आणि आपण भांडण जिथे सोडलं तिथून उचललं असतं. माझा हिशोब असा होता.

तू मध्येच खाचरात उतरलीस. भाताच्या मुळ्या कोवळ्या हव्यात म्हणून, अनवाणी, फुटलेल्या टाचांनी. त्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू येतात हे तूच मुलांना शिकवायचीस. ताप आला तर गोळी घेऊन कॉलेजला गेलीस. सुदाम डॉक्टरकडे चल म्हणाला तर उतरेल म्हणालीस. अंग पिवळं पडलं तेव्हा त्याने जवळजवळ उचलूनच नेलं. मी पोचले तोवर तुझ्या तोंडात नळी होती आणि हात बांधलेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. काचेच्या बाहेर उभं राहून मी तुला काय काय बोलले ते तुला ऐकू गेलं नाही, बरंच झालं. त्यात एकही गोड शब्द नव्हता. इथंही तेच केलंस तू. दुखतंय ते सांगायचं नाही. आणि आपण सांगितलं नाही म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही, असं धरून चालायचं.

आता शोकसभेचं सांगते.

प्राचार्यांनंतर व्हिडिओ कॉलवरून पडद्यावर तुझे सर आले. कॉलेजने त्यांना विनंती केली होती आणि त्यांनी मोठ्या मनाने वेळ काढला होता, असं निवेदक म्हणाला. मागे पुस्तकांची कपाटं, अंगात पांढरा सदरा. ते मराठीत बोलले, छान बोलले. प्रमिला अतिशय मेहनती मुलगी, म्हणाले. पेशी वाढवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. रानशेतसारख्या ठिकाणाहून आलेली मुलगी, पण प्रयोगशाळेत कधी तक्रार नाही, कधी आवाज नाही. भेकराच्या गुणसूत्रांवर आम्ही जे काम केलं त्याला तिच्या हातांची फार मदत झाली.

कधी आवाज नाही. हे त्यांनी तुझं कौतुक म्हणून सांगितलं.

मी उठले. माइक माझ्याकडे नव्हता, पण तीस वर्षं वर्गात बोलल्यावर माइक लागत नाही. मी म्हटलं, "सर, हातांची नाही. तो विचार तिचा होता. तिने तो मला पारनाक्याला वाळूत काढून दाखवला होता, तुमचा लेख यायच्या कितीतरी आधी."

 सर हसले, माझं दुःख समजू शकतो म्हणाले, पण हा प्रसंग तसा नव्हे, आणि संशोधन हे नेहमी सगळ्यांचं मिळून असतं. मी म्हटलं, मग नावही सगळ्यांचं मिळून असायला हवं होतं. प्राचार्य माझ्याकडे बघून हात खाली दाबत होते, बसा, बसा. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर, मी रंजना," ती म्हणाली. "तुम्ही मला ओळखता."

एवढंच. पण त्यांनी ओळखलं, ते सगळ्या हॉलला पडद्यावर दिसलं. थोड्याच वेळात पडदा काळा झाला. निवेदक म्हणाला, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. प्राचार्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं आणि सभा संपवली. बाहेर आल्यावर तुझ्या विभागातल्या दोघांनी मला टाळलं, एकीने हात दाबला. प्राचार्य म्हणाले, मीनलमॅडम, निदान आजचा दिवस तरी. मी त्यांना म्हटलं, आजच्यानंतर तिचा कुठला दिवस येणार आहे?

रंजना मला गेटजवळ भेटली. मी तिला विचारलं, एवढं धैर्य कुठून आणलंस? तेव्हा ती म्हणाली, मॅडम येऊन गेल्या होत्या ना.

तू अच्छाडला गेली होतीस.

आपलं बोलणं बंद होतं त्याच दिवसांत. तिच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसलीस, तिचं काम उरकेपर्यंत. मग समोरच्या ढाब्यावर नेलंस आणि सगळं सांगितलंस. तुझं काय झालं, तू गप्प का राहिलीस, आणि तुझ्या गप्प राहण्याने तिचं काय झालं. तिची माफी मागितलीस. ती रडायला लागली तर म्हणालीस, रडू नको, तक्रार लिही. माझं नाव घाल, मी येऊन सांगेन. भाताचं आवरलं की आपण दोघी मुंबईला जाऊ.

हे ऐकून मला काय वाटलं असेल असं तुला वाटतं? आनंद? मी गेटचा लोखंडी गज धरून उभी राहिले. तू माझं ऐकलं होतंस. शब्द न शब्द ऐकला होतास, पटला होता, आणि तुझ्या पद्धतीने जाऊन ते केलंस, आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस. आधी भाताचं आवरायचं होतं. तुझ्या साक्षीवर त्या पोरीचं सगळं उभं राहणार होतं, आणि तू ताप उतरेल म्हणालीस.

सोमवारी रंजनाने तक्रार पाठवली. मी सोबत लिहून दिलं, पारनाक्याला मी काय ऐकलं होतं ते. आम्हाला माहीत आहे की मी संशोधक नाही, मी तुझी मैत्रीण आहे, आणि तू आता काही सांगायला येऊ शकत नाहीस. कदाचित ते सगळं बाजूला सारतील. रंजना म्हणाली, सारू दे, पण त्यांना माझं नाव वाचावं तर लागेल. तिच्या ऑफिसातल्या मालकाने तिला सुटी द्यायची नाही म्हटलं, तर ती म्हणाली मग नोकरी सोडते, आणि त्याने दिली. ती तुझ्यापेक्षा बरी निघेल, असं मला वाटायला लागलंय. हे तुला चालेल, हे मला माहीत आहे.

पण सगळ्यांत अवघड काम वेगळंच होतं. सभेत माझ्याशेजारी बसलेल्या तुझ्या आईने सगळं ऐकलं होतं. काही समजलं होतं, काही नाही. रिक्षात बसताना तिने माझा पदर धरला.

"काय नेलं त्यांनी हिचं?" तिने विचारलं.

मला रिक्षात सांगता येईना. परवा मी तिला सुदामबरोबर कॉलेजात बोलावलं. लॅब उघडायला प्राचार्यांची परवानगी लागली, ती त्यांनी दिली, थोडी लाजून दिली. वर्गात दाखवायची तुझी ती फिल्म लॅबच्या संगणकावर होती, भेकराची पेशी विभागतानाची. मी तिला स्टुलावर बसवलं आणि लावली.

मी सांगितलं, हे भेकर आहे आई, आपल्या डोंगरातलं, त्याच्या अंगाचा इतका बारका कण की डोळ्यांना दिसत नाही. ही त्याची गुणसूत्रं. आईबापाचं जे काही पोरात उतरतं ते यांतून उतरतं. आता एकाचे दोन कण व्हायचे, तर ही सगळी आधी मधोमध यायला हवीत, नाहीतर वाटणी चुकते. ती वाकून बघत होती. चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते मागचं मोठं गुणसूत्र टोकाकडे गेलं, तिथे अडखळलं, आणि मग उलट फिरून हळूहळू मध्यावर यायला लागलं. तिने पडद्याला बोट लावलं आणि ते जिकडे जाईल तिकडे बोट नेलं. ते येऊन बाकीच्यांत मिसळलं तेव्हा बोट थांबलं. जरा वेळाने सगळी एकदम दोन बाजूंना झाली. सुदाम म्हणाला, परत लाव. मी परत लावली.

मग मी तिला सांगितलं की हे मागून का येतं, ते पहिल्यांदा तिच्या लेकीला उमगलं. मोठमोठे शिकलेले लोक म्हणत होते की ते जड आहे. तिची लेक म्हणाली, नाही, ते लांबून निघालंय.

"हे हिनं पाह्यलं?"

"हो."

"न नाव त्याचं लावलं."

"हो, आई."

ती पडद्याकडे बघत राहिली. तुला वाटलं असेल की तिला वाईट वाटेल, तिला हे झेपायचं नाही, तिला यातलं काय कळतं. काहीतरी असंच तू ठरवून टाकलं असणार. तिचं तोंड मी बघत होते. रडली नाही. तिच्या नाकपुड्या फुलल्या, तुझ्या फुलायच्या तशाच.

"तुला सांगितलं होतं तिनं?" तिने मला विचारलं.

"शेवटी सांगितलं."

"मना नाय सांगितलं," ती म्हणाली. "येवढी वर्षं माझ्या हातचं जेवली, न मना नाय सांगितलं."

सुदाम तिला उठवायला लागला तर तिने त्याचा हात बाजूला केला आणि अजून एकदा लावायला सांगितलं. या वेळी तिने बोट नाही लावलं, नुसती बघत बसली.

मी तिला रानशेतपर्यंत सोडायला गेले.  उतरलो तेव्हा स्टँडवर तुमच्या पाड्यावरची एक बाई उभी होती. तिने विचारलं, कुठं गेलती गे, दुखवट्यात बाहेर?

तुझ्या आईने पदर कमरेला खोचला.

"पोरीचं काम पाह्याला," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहून तिला सांगायला लागली.